मिलिंदची हत्यारं बघायला: लोणावळा, वलवण आणि एक शाळा

दोन वर्षं या ब्लॉगवर काही लिहिलं नाही. पुणे-लोणावळा लोकलने जाऊन येण्यासारख्या छोट्या सहलींची माहिती घ्यायला जे इथे यायचे, त्यांच्यातल्या काहींनी विचारपूसही केली. कारण एवढंच की माझे पती मिलिंद गेले. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. पण ही सहल त्यांच्याच कामासाठी केली, त्यामुळे त्यांचं नाव येत राहील.

मिलिंद तळेगावच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होते. निवृत्त झाल्यावर दर रविवारी ते लोणावळ्याजवळच्या एका गावात जायचे. तिथे शकूरभाई म्हणून एक दुकानदार आहेत. त्यांच्या टेम्पोशेडमध्ये मिलिंद मुलांना हत्यारं वापरायला शिकवायचे. पैसे घ्यायचे नाहीत. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे शाळा एकच आहे.

ते गेल्यावर चार महिन्यांनी मी त्यांची सगळी हत्यारं त्या शाळेला दिली. सोबत काचेचं कपाट दिलं. शाळेत मुलं असतात, म्हणजे वस्तू मुलांच्या हातात जातील, असा साधा हिशेब होता.

गेल्या महिन्यात वलवणहून रेवा नावाच्या मुलीचा फोन आला. ती तिथल्या एका बंगल्यात मुलांसाठी कार्यशाळा चालवते. मिलिंदबद्दल तिला गावातून कळलं होतं. ती हत्यारं आमच्या कार्यशाळेला मिळतील का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ती शाळेला दिली आहेत. ती म्हणाली, "काकू, ती तिथे नुसती पडून आहेत असं ऐकलंय."

रविवारपर्यंत कळवते, असं सांगून मी फोन ठेवला. हत्यारं शाळेतच राहू द्यायची की वलवणला द्यायची, ते डोळ्यांनी बघून ठरवायचं होतं.

शुक्रवार

देहूरोडहून सकाळची लोकल पकडली. तिकीट अजूनही दहा-पंधरा रुपयांच्या घरात आहे. डिसेंबरात घोरावाडीच्या पुढे थंडी चांगलीच लागते, खिडकी घेणार असाल तर शाल ठेवा. आणि दुपारी मध्ये बराच वेळ लोकल नसते, तेव्हा वेळापत्रक बघूनच परतीचं ठरवा.

समोरच्या बाकावर दोन शिक्षिका होत्या. विज्ञान प्रदर्शनाचं बोलणं चाललं होतं.

"झालं का तुमचं मॉडेल?"

"ऑर्डर दिलीये. पिंपरीत एक जण करून देतो. ज्वालामुखी."

"मागच्या वर्षी पण ज्वालामुखीच होता ना गं?"

"तोच आहे. रंग दिलाय."

दोघी हसल्या. मलाही हसू आलं, मग ओसरलं. त्या कामशेतला उतरल्या. उतरताना एक म्हणत होती, "मुलांना हात लावू देऊ नकोस हां, प्रदर्शनापर्यंत टिकला पाहिजे."

लोणावळ्यात स्टेशनजवळच्या लॉजवर खोली घेतली. शुक्रवारी सकाळी बाराशेला मिळाली. संध्याकाळपासून दर चढतो, म्हणून लवकर पोचा. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड दोन्ही बाजूंनी बघितलं.

"एकट्याच?"

"हो."

"मिस्टर मागून येणारेत का?"

"नाही."

त्याने पुढे विचारलं नाही, पण खोली दिली ती काउंटरच्या अगदी समोरची.

वलवणला रिक्षाने दीडशे रुपये घेतले. धरणाच्या बाजूला बंगल्यांच्या ओळी आहेत, बहुतेक आठवडाभर बंद असतात. रेवाची कार्यशाळा अशाच एका बंगल्याच्या मागच्या भागात आहे. मी मनात ठरवूनच गेले होते की हे श्रीमंतांचं खूळ असणार. तसं ते नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं.

जागा उत्तम होती. मुलांच्या उंचीची टेबलं, प्रत्येक टेबलाला स्वतंत्र शेगडा, म्हणजे काम घट्ट धरून ठेवायचा लोखंडी जबडा. भिंतीवर करवती, हातोड्या, पकडी, सगळं हाताशी. कशाला कुलूप नाही. दहाएक मुलं होती, मुंबई-पुण्याची, नाताळच्या सुट्टीला आलेली. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी पक्ष्यासाठी घरटं करत होती. तिने फळी चुकीची कापली. रेवा म्हणाली, "काय झालं असेल, विचार कर," आणि दुसरी फळी दिली. तीही चुकली. तिसरीही. रेवाने शांतपणे चौथी दिली. कुणी तिच्यावर ओरडलं नाही. चौथी बरोबर आली, तेव्हा त्या मुलीने कुणाला दाखवलीसुद्धा नाही, तशीच कामाला लागली.

हे मिलिंदनी बघायला हवं होतं. ते असंच शिकवायचे. फक्त त्यांच्याकडे चौथी फळी नसायची. कारखान्याच्या भंगारातून आणलेली लोखंडाची एक पट्टी पोराला मिळायची आणि ती चुकली तर पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं.

"फी किती आहे?" मी विचारलं.

"दोन दिवसांचे साडेसहा हजार. मटेरियल, जेवण सगळं धरून." रेवा मग घाईने म्हणाली, "पण काकू, आम्ही गावातल्या मुलांसाठी दोन सीट फ्री ठेवल्यात. त्यांनी फक्त एक छोटा व्हिडिओ पाठवायचा, मला इथे का यायचंय ते सांगणारा."

"आणि ह्या मुलांनी पाठवले का व्हिडिओ?"

तिला प्रश्न कळला. ती लाल झाली. वाईट मुलगी नाही ती. "नाही," म्हणाली, "त्यांचे पेरेंट्स बुक करतात."

जेवायला थांबा म्हणत होती. मी नको म्हटलं आणि बाजारात येऊन साधी थाळी घेतली. आमटी-भात चांगला होता, इंद्रायणीचा मऊ भात. एकशे ऐंशी रुपये. चिक्कीच्या दुकानांत गर्दी होती. आम्ही दोघं येत होतो तेव्हा मिलिंद नेहमी तिळाची घ्यायचे. ह्या वेळी मी काही घेतलं नाही.

शनिवार

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून साडेसातलाच रिक्षा केली. औंढ्याच्या बाजूचा रस्ता आहे, शेवटचा भाग खराब. रिक्षावाल्याने तीनशे सांगितले, अडीचशेला आला. परतीसाठी त्याचा नंबर घेऊन ठेवा, तिथून रिक्षा मिळत नाही. भाताची कापणी झालेली होती. खाचरात बगळे आणि लोहगडाच्या अंगाला धुकं. फोटो काढणाऱ्यांनी ह्याच वेळेला यावं.

आधी शकूरभाईंकडे गेले. ते दुकान उघडत होते. मला बघून शटर तसंच अर्ध्यावर सोडलं.

"या वहिनी. दोन वर्सांनी वाट सापडली व्हय?"

चहा केला. शेडमध्ये आता कुणाचे तरी तंबू ठेवलेले आहेत, पवना धरणाकाठी कॅम्पिंगला भाड्याने देतात ते. ढिगावर ढीग.

"भाडं देतो तो," शकूरभाई न विचारताच म्हणाले. "मिलिंददादानं काय दिलं? उलटं माझ्या टेम्पोला अंगनात बसवलं दोन पावसाळं." मग हसले. "पर पोरं येत व्हती, वहिनी. लय येत व्हती. माझ्या गल्ल्याची कडी मोडली तर मोठ्या मानसाला न्हाई बोलवलं मी, त्या मंगलला बोलवलं."

मंगल गावाबाहेरच्या कातकरवाडीवरची. तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची आई शनिवार-रविवार बंगल्यांवर भांडी घासायला जाते, त्यामुळे धाकट्या भावंडांचं आवरून मंगल रविवारी सगळ्यात उशिरा यायची. मिलिंदचा तिथे एक नियम होता, तो मला तेव्हा विचित्र वाटायचा. शेगडा एकच, मुलं पंधरा. पहिली पाळी सगळ्यात उशिरा येणाऱ्याची. गावातल्या एका आईने भांडण केलं होतं, आमची पोरं आठपासून येऊन बसतात, ती काय मूर्ख? मिलिंद म्हणाले होते, "तुमची पोरं लवकर येतात कारण त्यांना घरी काम नसतं. जिला उशीर झाला ती घरचं काम करून आली. तिचे हात आधीच दमलेत, तिला परत ताटकळत का ठेवू?"

ती मंगल आता आठवीत आहे, याच शाळेत.

शाळा दोन मिनिटांवर. परिपाठ चालू होता. उशिरा आलेली पाच-सहा मुलं फाटकाशी उन्हात उभी केलेली होती. त्यांत मंगल होती. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली.

मुख्याध्यापक नवे, गेल्या वर्षी बदलून आलेले. आदराने वागले. खुर्ची पुसून दिली. कपाट त्यांच्याच खोलीत, टेबलामागे. वर मिलिंदचा फोटो, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार, पुढे उदबत्तीची राख. पितळी पाटी: "कै. मिलिंद यांच्या स्मरणार्थ." आम्ही बौद्ध, आमच्यात कै. नाही, कालकथित लिहितात. पाटी करणाऱ्याने कै. केलं तेव्हा मला बोलायचं सुचलं नव्हतं. कडीला कुलूप होतं आणि काचेतून हत्यारं दिसत होती, मी मांडली होती तशीच, लाल मखमलीवर.

"रोज उदबत्ती लावतो," मुख्याध्यापक म्हणाले. "पाहुणे आले की आधी हे दाखवतो."

"मुलं वापरतात का?"

"मॅडम, असं बघा. कुणाचं बोट कापलं तर पालक माझ्याकडे येणार. एखादी वस्तू गेली तर तुम्ही येणार." त्यांनी ड्रॉवरमधून एक फाइल काढली आणि माझंच पत्र माझ्यापुढे ठेवलं. टपाल खात्यात तीस वर्षं कारकुनी केली मी, पत्र तसंच होतं. 'सदर साहित्य कुलूपबंद कपाटात ठेवून त्याची योग्य ती निगा राखावी.' खाली माझी सही.

ते वाक्य मी लिहिलं होतं. कुलूपही मीच आणलं होतं, चांगल्यातलं. तेव्हा मला एकच भीती होती की ह्यांच्या वस्तू जातील. मुलांना त्या कशा मिळतील याची एक ओळ त्या पत्रात नव्हती.

"उघडा," मी म्हटलं.

किल्ली नव्हती. आधीच्या सरांनी कुठल्या तरी पाकिटात दिली होती, ते पाकीट सापडेना. शिपायाला पाठवून कुलूप तोडायचं का, यावर बोलणं सुरू झालं. शाळा समितीचा ठराव लागेल, असंही निघालं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"काकू, कुलूप कशाला तोडताय? बिजागरीचे स्क्रू भायेरच हायेत. खालीवर मिळून सा. काढले का दार हातात येतंय."

मंगल फाटकावरून आत आली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "तुला कुणी बोलावलं? वर्गात जा."

मी म्हटलं, "थांब. तुला कधीपासून माहीत आहे?"

"कपाट आनलं तवापासनं."

"मग दोन वर्षं उघडलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या न समजणाऱ्या मुलाकडे बघावं. "आन् मंग? हत्यारं कुटं गेली म्हनून पयलं कोनाकडं आलं असतं? गावात सायकल गेली तरी आदी आमच्या वाडीवर येत्यात. घमेली उलटी करून बगत्यात."

मुख्याध्यापकांनी फाइल बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवली.

स्क्रू ड्रायव्हर शाळेत नव्हता. जे होते ते कपाटात होते. मंगल धावत जाऊन शकूरभाईंकडून घेऊन आली, मागोमाग तेही आले. मुख्याध्यापक म्हणाले, "मुलीने नको. मॅडम, तुम्ही काढा. वस्तू तुमची आहे." मी काढायला लागले. पहिल्याच स्क्रूवर हात घसरला आणि त्याची खाच खराब झाली. दुसऱ्यांदाही तेच.

"दाबा आदी," मंगल हळूच म्हणाली. "दाबल्याबिगर फिरवू नका."

"येतंय का ते त्यांना? दे तिच्याकडं," शकूरभाई म्हणाले. "तीस वर्सं शिक्के मारलेत त्यांनी, पेच कुटं फिरवलाय?"

मी स्क्रू ड्रायव्हर मंगलच्या हातात दिला. मुख्याध्यापक खिडकीबाहेर मैदानाकडे बघत उभे राहिले. तिने सहाही स्क्रू काढले, मी खराब केलेलाही, आणि ते ओळीने टेबलावर ठेवले. दार तिने आणि शकूरभाईंनी मिळून उतरवलं.

आत वास कोंदलेला होता. काचेतून जे नीट दिसत होतं ते नीट नव्हतं. कानशींवर, करवतीच्या पात्यांवर, काटकोन तपासायच्या गुण्यावर तांबूस थर चढलेला. लाकडी मुठींना पांढरी बुरशी. मंगलने एक कानस उचलली, अंगठा फिरवला आणि मखमल चिमटीत धरून बघितली.

"कापडानं पानी धरलं," ती म्हणाली.

लोणावळ्याचे दोन पावसाळे. मिलिंद दर रविवारी परत निघताना प्रत्येक हत्याराला तेलाचं फडकं मारायचे, मुलांकडूनही मारून घ्यायचे. त्यात वेळ जायचा आणि त्यांची लोकल चुकायची म्हणून मी घरी कुरकुर करायची. मखमल मी देहूरोडच्या बाजारातून आणली होती. शोभेल म्हणून.

"निघेल का गंज?" मी विचारलं.

"रॉकेल लावून बगू. हातोडीचा, पकडीचा निगंल. कानशीचं दात गेले, ते न्हाई यायचे." तिने ती कानस बाजूला ठेवली. दुसरी बघितली, तीही ठेवली. त्या बाजूचा ढीग वाढत गेला.

मी एक बरी पक्कड तिच्यापुढे धरली. "ही तू घरी ने."

ती दोन पावलं मागे सरली. "नको."

"मी देतेय ना."

"तुमी जाल गाडीनं. घरात घावली म्हंजे?"

मी पक्कड परत ठेवली.

मग मुख्याध्यापकांशी बोलले. ते वाईट माणूस नाहीत. घाबरलेले आहेत, आणि त्या भीतीला मी लेखी आधार दिला होता. बोलून बोलून एवढं ठरलं: दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास कपाट उघडं राहील, मुलं काम करतील, पण कुणीतरी जबाबदार मोठं माणूस तिथे बसलं पाहिजे.

"कोण बसेल?" मी विचारलं. "शकूरभाई?"

"माझं दुकान हाय, वहिनी. शनिवारी गिऱ्हाईक असतंय."

मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही येणार असाल तर माझी हरकत नाही. तुमची सही चालेल."

"मला यातलं काही येत नाही."

"काम मुलं करतील. तुम्ही फक्त असायचं."

"मंगलला येतं. ती मोठ्या मुलांना शिकवेल."

"शिकवू दे की," ते म्हणाले, "पण जबाबदारी तुमच्या नावावर. तिच्या नावावर कशी देणार मी?"

मंगल हे सगळं ऐकत होती. तिला त्यात नवं काही नसावं. ती मखमल काढून तिची घडी घालत होती.

परतताना शकूरभाईंनी स्वतःच्या टेम्पोने लोणावळ्यापर्यंत सोडलं. दुपारची गाडी गेली होती, पुढचीपर्यंत स्टेशनवर बसले. वडापाव घेतला, तो थंड होता.

घरी

रेवाला रविवारी कळवलं की हत्यारं देत नाही. तिने नमस्काराचं चिन्ह पाठवलं आणि लिहिलं, मुलांना कधी घेऊन या, बघायला. बघायला म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. गंजलेल्या हत्यारांचं मी सांगितलं नाही. तिच्याकडे असती तर गंजली नसती, हे मला माहीत आहे. कुणाच्या हातात असती, तेही माहीत आहे.

वाचकांपैकी कुणी आपल्या माणसाच्या आठवणीसाठी शाळेला काही देणार असाल, तर एवढंच सांगते: पाटी लावू नका, काच लावू नका, आणि पत्र लिहिलंत तर त्यात वस्तू कुणी आणि कशी वापरायची ते लिहा. मी काय लिहिलं होतं ते वर दिलंच आहे.

जाण्यायेण्याचा खर्च फार नाही, वाटेत बघण्यासारखं पुष्कळ आहे, सगळं वर लिहिलं आहे. मला बघायला वेळ नसेल. दर शनिवारी अकराच्या आत पोचायचं, खुर्चीवर बसायचं आणि दीड वाजता सही करायची. स्क्रू फिरवताना आधी दाबायचं, एवढंच मला येतं, तेही परवा कळलं. तरी ती खोली माझ्या भरवशावर उघडणार. जिला सगळं येतं, तिला मी आल्याशिवाय कपाटाला हात लावता येणार नाही. ज्या शनिवारी मी आजारी असेन, गाडी चुकेल, किंवा मीही नसेन, त्या शनिवारी ती दारापर्यंत येईल आणि परत जाईल.